स्पेनची भाषा फक्त स्पॅनिश नाही: कॅटलान, बास्क, गॅलिशियन आणि बाकीच्यांची गोष्ट

आपल्याकडे भाषेवरून वाद पेटला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. युरोपात बघा, एक देश एक भाषा, म्हणून ते पुढे गेले. फ्रान्समध्ये फ्रेंच, जर्मनीत जर्मन, स्पेनमध्ये स्पॅनिश. बाकीचे देश तूर्त बाजूला ठेवू, पण स्पेनच्या बाबतीत हे साफ चुकीचं आहे. स्पेनमध्ये दर दहापैकी चार माणसं अशा प्रांतात राहतात, जिथे स्पॅनिशच्या जोडीला आणखी एक अधिकृत भाषा आहे.

ऑगस्ट २०२३ पासून स्पेनच्या सरकारने युरोपीय संघाकडे एक मागणी लावून धरली आहे: कॅटलान, बास्क आणि गॅलिशियन या आमच्या तीन भाषांना संघाच्या अधिकृत भाषांच्या यादीत घ्या. ही बातमी अधूनमधून वर येते, पुन्हा मागे पडते, आणि वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की या भाषा म्हणजे स्पॅनिशच्याच बोली ना? मग एवढा आग्रह कशाला? उत्तर नीट समजायचं तर सुरुवात नकाशापासून करावी लागते.

कुठे काय बोलतात

स्पेनमध्ये १७ स्वायत्त प्रांत आहेत, शिवाय आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सेउता आणि मेलिया ही दोन स्वायत्त शहरं. स्वायत्त प्रांताला स्वतःची विधानसभा आणि सरकार असतं, शाळा आणि दवाखाने बहुतांशी त्याच्याच अखत्यारीत येतात. आपण जिला स्पॅनिश म्हणतो ती मुळात कास्तील नावाच्या राज्याची भाषा. म्हणून तिथले अनेक लोक, आणि खुद्द राज्यघटनाही, तिला कॅस्टिलियन म्हणते. या लेखातही तोच शब्द वापरतो, कारण ‘स्पॅनिश’ म्हटलं की बाकीच्या भाषा जणू स्पेनच्या नाहीतच असं वाटू लागतं, आणि अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

ईशान्येला बार्सिलोना ज्याची राजधानी तो कॅटालोनिया. तिथे कॅटलान बोलतात. हीच भाषा भूमध्य समुद्रातल्या बालेआरिक बेटांवर बोलली जाते आणि व्हॅलेन्सिया प्रांतात तिला व्हॅलेन्सियन म्हणतात. शेजारच्या आंडोरा या चिमुकल्या देशाची तर ती एकमेव अधिकृत भाषा आहे. वायव्येच्या कोपऱ्यात, पोर्तुगालच्या डोक्यावर गालिसिया आहे, तिथली गॅलिशियन. उत्तरेला बिस्केच्या उपसागराकाठी बास्क प्रांत आणि त्याला लागून नवारा, तिथे बास्क. पिरेनीज पर्वताच्या उत्तर उतारावर आरान नावाचं एक खोरं आहे. स्पेनच्या हद्दीत असूनही ते फ्रान्सकडे तोंड करून आहे, फ्रान्समधून वाहणारी गारोन नदी तिथेच उगम पावते, आणि १९४८ मध्ये बोगदा होईपर्यंत हिवाळ्यात बर्फामुळे त्याचा उरलेल्या स्पेनशी संपर्क तुटायचा. खोऱ्याची लोकसंख्या दहा हजारांच्या आसपास. त्यांची आरानीज भाषा दक्षिण फ्रान्सच्या ऑक्सितान भाषेचं एक रूप आहे, आणि २००६ पासून ती पूर्ण कॅटालोनियात अधिकृत आहे. एवढ्या थोड्या लोकांच्या भाषेला असा दर्जा देणं मला फार मोलाचं वाटतं.

याशिवाय आस्तुरियासमध्ये आस्तुरियन, आरागॉनच्या डोंगराळ भागात आरागॉनीज, पोर्तुगालच्या सीमेवरच्या तीन गावांत ‘फाला’. मेलियात बरेच लोक तामाझिग्त ही उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर लोकांची भाषा बोलतात, सेउतात मोरोक्कोच्या वळणाची अरबी ऐकू येते. २००७ च्या कायद्याने स्पॅनिश आणि कॅटलान अशा दोन खुणांच्या भाषांनाही मान्यता मिळाली.

पण या स्पॅनिशच्या बोलीच ना?

नाही. ‘सुप्रभात’ चारही भाषांत कसं म्हणतात पाहा. कॅस्टिलियन: बुएनोस दीआस. कॅटलान: बोन दीआ. गॅलिशियन: बोस दीआस. बास्क: एगुन ओन.

पहिल्या तीन एकमेकींच्या नात्यातल्या आहेत हे लगेच दिसतं. रोमन साम्राज्य कोसळल्यावर ठिकठिकाणची बोलली जाणारी लॅटिन वेगवेगळ्या वाटांनी बदलत गेली आणि त्यातून या भाषा घडल्या. त्या शेजारीशेजारी वाढल्या, कॅस्टिलियनमधून फुटून निघाल्या नाहीत. उलट तेराव्या शतकात कास्तीलचा राजा दहावा अल्फॉन्सो याच्या दरबारात मरियमेची स्तोत्रं रचली गेली ती गॅलिशियन-पोर्तुगीजमध्ये, कारण कवितेसाठी तेव्हा तीच भाषा मानाची समजली जायची. गॅलिशियन आणि पोर्तुगीज तेव्हा एकच होत्या, पुढे मध्ये राज्याची सीमा आली आणि त्या दुरावल्या.

व्हॅलेन्सियाचं प्रकरण जरा नाजूक आहे. तिथली भाषा आणि कॅटलान या एकच, की दोन वेगळ्या? भाषाशास्त्रात यावर फारसा वाद नाही, राजकारणात मात्र प्रचंड आहे. ‘आम्ही बार्सिलोनाच्या हाताखालचे नाही’ ही भावना तिथे खोलवर आहे. शेवटी व्हॅलेन्सियाच्याच भाषा अकादमीने २००५ मध्ये निर्वाळा दिला की भाषा एकच आहे, आणि ‘व्हॅलेन्सियन’ हे तिचं इथलं रास्त नाव आहे. वाद त्याने संपला नाही. पण एका भाषेला दोन मानाची नावं असू शकतात हे अधिकृतपणे सांगितलं गेलं, आणि मला हा तोडगा शहाणपणाचा वाटतो.

बास्क: जिचं कुणाशीच नातं लागत नाही

बास्क भाषेपाशी थोडं थांबायलाच हवं. लॅटिनशी तिचा संबंध नाही. युरोपातल्या बहुतेक भाषा आणि आपली मराठी ज्या मोठ्या कुळात मोडतात, त्या इंडो-युरोपीय कुळाशीही नाही. जगातल्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं आजवर सिद्ध झालेलं नाही. रोमन आले त्याच्या आधीपासून ती या भागात आहे.

तरी तिच्या व्याकरणातली एक गोष्ट मराठी माणसाला चटकन उमगते. ‘माणूस आला’ याला बास्कमध्ये ‘गिसोना एतोरी दा’ म्हणतात. ‘माणसाने सफरचंद खाल्लं’ याला ‘गिसोनाक सागारा यान दू’. दुसऱ्या वाक्यात ‘गिसोना’ला मागे ‘क’ लागला. आपला ‘ने’ जे करतो तेच तो करतो: क्रियापदाला कर्म असेल तर कर्त्याला खूण लागते. मराठीत हे मुख्यतः भूतकाळात घडतं, बास्कमध्ये सगळ्या काळांत. इंग्रजी किंवा कॅस्टिलियन बोलणाऱ्याला हा नियम शिकताना घाम फुटतो. आपल्याला तो निदान ओळखीचा तरी वाटतो.

गोव्याशी या भाषेचा एक थेट धागा आहे. जुन्या गोव्याच्या बॉम जेझस बॅसिलिकात ज्यांचे अवशेष आहेत ते संत फ्रान्सिस झेवियर १५०६ मध्ये नवारातल्या झेवियर किल्ल्यात जन्मले. दक्षिण भारतातल्या कामाबद्दल १५४४ मध्ये लिहिलेल्या पत्रात ते सांगतात की इथल्या लोकांची भाषा मलबारी, माझी बिस्कायन, त्यामुळे एकमेकांचं काही कळेना. बिस्कायन म्हणजे त्या काळच्या भाषेत बास्क.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बास्कची अवस्था बिकट होती. खोऱ्याखोऱ्यांत वेगळं रूप, लांबच्या दोन गावांतल्या लोकांना एकमेकांचं बोलणं समजताना अडचण, आणि शाळेत किंवा वर्तमानपत्रात कुठलं रूप वापरायचं यावर एकमत नाही. १९६८ मध्ये आरांत्साझू इथल्या मठात बास्क भाषा अकादमीची बैठक झाली आणि भाषाशास्त्रज्ञ कोल्दो मित्शेलेना यांच्या पुढाकाराने प्रमाण बास्कचा पाया घातला गेला. सर्वांत कडाक्याचं भांडण ‘ह’ या अक्षरावरून झालं. फ्रान्सच्या बाजूचे बास्क हा उच्चार करतात, स्पेनच्या बाजूचे करत नाहीत. मग लिहायचा की नाही? शेवटी लिहायचा असं ठरलं. त्यावर वर्षानुवर्षं रुसवेफुगवे चालले, पण आज शाळा, टीव्ही, सरकारी कागद सगळं त्याच प्रमाण रूपात चालतं.

मग बोली कुठे आहेत?

बोलीही आहेत, आणि त्या कॅस्टिलियनच्या स्वतःच्या आहेत. माद्रिदचा माणूस आभार मानताना ‘ग्राथिआस’ म्हणतो, सेव्हिलचा ‘ग्रासिआस’. दक्षिणेकडच्या आंदालुसियात शब्दाच्या शेवटचा ‘स’ बहुधा विरून जातो. अमेरिका खंडाकडे जाणारी जहाजं सेव्हिलहून सुटायची, त्यामुळे दक्षिणेची ही वळणं समुद्रापार गेली आणि आज मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत सगळे ‘ग्रासिआस’च म्हणतात. आंदालुसियन बोलण्याला माद्रिदमध्ये गावंढळ समजून हसणारे आजही भेटतात, पण संख्येने पाहिलं तर जगभरचे बहुसंख्य स्पॅनिश भाषक उच्चारात सेव्हिलच्या जवळ आहेत.

कॅनरी बेटांपैकी ला गोमेरावर तर शिट्टीची भाषा आहे, ‘सिल्बो’. बेटभर खोल दऱ्या. समोरच्या डोंगरावरचा माणूस दिसतो, पण त्याच्यापर्यंत चालत जायचं तर तासन्‌तास मोडतात. म्हणून मेंढपाळ बोट तोंडात घालून शिट्टीतून निरोप देतात आणि तो काही किलोमीटर ऐकू जातो. हे ठरावीक इशारे नव्हेत. शिट्टीतून पूर्ण कॅस्टिलियन वाक्यं बोलली जातात: पाच स्वरांसाठी दोन शिट्ट्या, व्यंजनांसाठी चार, बाकी संदर्भावरून कळतं. १९९९ पासून बेटावरच्या शाळांत ती सक्तीने शिकवली जाते आणि २००९ मध्ये युनेस्कोने तिला वारशाच्या यादीत घेतलं.

कॅस्टिलियन वरचढ कशी झाली?

सत्ता माद्रिदला एकवटली म्हणून. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला गादीवरून युद्ध झालं, त्यात आरागॉन, व्हॅलेन्सिया, कॅटालोनिया हरलेल्या बाजूला होते. जिंकलेल्या पाचव्या फिलिपने १७०७ ते १७१६ या काळात त्यांचे जुने कायदे मोडीत काढले आणि कारभार व न्यायालयं कॅस्टिलियनकडे वळली. १८५७ च्या शिक्षण कायद्याने देशभरच्या शाळांत तीच भाषा आणली. गालिसियात कॅस्टिलियन ही शिकलेल्यांची, शहराची, आणि गॅलिशियन ही शेतकऱ्या-कोळ्यांची, अशी विभागणी पक्की होत गेली. मुलाचं भलं व्हावं म्हणून आईबापांनीच घरची भाषा बदलली.

त्यानंतर फ्रँकोची हुकूमशाही आली, १९३९ ते १९७५. सार्वजनिक जीवनातून या भाषा हद्दपार झाल्या, विशेषतः सुरुवातीच्या दशकांत. १९३८ च्या आदेशानंतर मुलांची नावंसुद्धा त्या भाषांत नोंदवता येईनात. घरी जॉर्दी, कागदावर होर्हे. घरी इन्याकी, कागदावर इग्नासिओ. हे बंधन कायद्याने उठलं ते १९७७ मध्ये. मधल्या काळात लोक गप्प बसले नव्हते. सान सेबास्तियान शहरात एल्बिरा सिपित्रिया या शिक्षिकेने १९४० च्या दशकात घराघरांत मुलं गोळा करून बास्कमधून शिकवायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे ‘इकास्तोला’ म्हणजे बास्क माध्यमाच्या शाळांची चळवळ उभी राहिली. या भाषा टिकल्या त्या आधी माणसांमुळे. कायदा नंतर आला.

आजचा कायदा काय सांगतो?

१९७८ च्या राज्यघटनेचं तिसरं कलम थोडक्यात असं आहे. कॅस्टिलियन ही राज्याची अधिकृत भाषा. ती येणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य आणि वापरणं हा हक्क. स्पेनच्या इतर भाषाही आपापल्या स्वायत्त प्रांतात अधिकृत असतील. अशा भाषेला ‘सहअधिकृत’ म्हणतात.

इथे एक मेख आहे. सहअधिकृत दर्जा माणसाला चिकटलेला नसतो, भूभागाला असतो. बार्सिलोनात प्रांतिक कार्यालयात कॅटलानमधून अर्ज देणं हा तुमचा हक्क, पण आगगाडीने माद्रिदला उतरलात की तो हक्क उरत नाही. नवारात तर बास्क फक्त बास्क भाषक पट्ट्यात अधिकृत आहे. आणि आस्तुरियन भाषेला १९९८ च्या कायद्याचं संरक्षण असलं तरी ती अजून अधिकृत नाही. त्यासाठी प्रांताचा मूलभूत कायदा बदलायला विधानसभेत ४५ पैकी २७ मतं लागतात, आणि मागच्या सभागृहात पाठिंबा २६ वर अडकला. एका मताने एवढी जुनी भाषा दाराबाहेर राहिली, याची मनापासून खंत वाटते.

शाळेत शिकवलं की भाषा जगते का?

बास्क प्रांतात पालकांपुढे तीन पर्याय असतात. ‘अ’ नमुन्यात शिक्षण कॅस्टिलियनमध्ये आणि बास्क एक विषय, ‘ब’मध्ये निम्मं-निम्मं, ‘ड’मध्ये सगळं बास्कमध्ये आणि कॅस्टिलियन एक विषय. बहुसंख्य पालक ‘ड’ निवडतात, ज्यांना स्वतःला बास्क येत नाही तेसुद्धा. परिणाम आकड्यांत दिसतो. १९९१ मध्ये प्रांतातल्या २४ टक्के प्रौढांना बास्क बोलता येत होतं, २०२१ मध्ये ३६ टक्क्यांना. सोळा ते चोवीस वयाच्या तरुणांत हे प्रमाण जवळजवळ तीन चतुर्थांश आहे. मात्र रस्त्यावर, दुकानात, मैदानात ऐकू येणारी बास्क तितक्या वेगाने वाढलेली नाही.

कॅटालोनियात १९८० च्या दशकापासून शाळेचं मुख्य माध्यम कॅटलान आहे. यावर न्यायालयीन लढाया झाल्या. किमान २५ टक्के तास कॅस्टिलियनमध्ये हवेत असा निकाल प्रांताच्या उच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला, तर २०२२ मध्ये प्रांताच्या विधानसभेने असा टक्का न मानणारा कायदा केला. पण न्यायालयाबाहेरचा आकडा मला जास्त अस्वस्थ करतो. २००३ मध्ये कॅटालोनियातले ४६ टक्के लोक कॅटलान ही आपली रोजची भाषा सांगत, २०२३ मध्ये ३२.६ टक्के. समजते मात्र दहापैकी नऊहून अधिक जणांना.

भाषा येते, तरी वापर घटतो, हे कसं? एक कारण म्हणजे बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांची मोठी संख्या. दुसरं कारण मुंबईत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. अनोळखी माणूस समोर आला की आपण रिक्षावाल्याशी, दुकानदाराशी आपसूक हिंदीत सुरू होतो, समोरचा मराठी निघाला तरीही. बार्सिलोनात अगदी हेच कॅस्टिलियनच्या बाबतीत होतं. समोरच्याने एक शब्द कॅस्टिलियनमध्ये उच्चारला की कॅटलान माणूस सौजन्य म्हणून भाषा बदलतो. शिकायची इच्छा असलेल्या नवागताला मग कॅटलान ऐकायलाच मिळत नाही. शाळा भाषा शिकवू शकते. ती बोलायची सवय मात्र दुकानात, लिफ्टमध्ये, खेळाच्या मैदानावर लागते, आणि तिथे कुठलाही सरकारी आदेश पोचत नाही.

सगळ्यांना कॅस्टिलियन येतं, मग खर्च कशाला?

हा आक्षेप सप्टेंबर २०२३ मध्ये जोरात आला. त्या महिन्याच्या १९ तारखेला स्पेनच्या लोकसभेत प्रथमच सहअधिकृत भाषांतून मुक्तपणे भाषणं झाली. अध्यक्षपदी मायोर्काच्या फ्रान्सिना आरमेंगोल होत्या, त्यांची स्वतःची भाषा कॅटलान. सदस्यांना भाषांतर ऐकण्यासाठी कानात लावायची यंत्रं दिली होती. गालिसियाचे समाजवादी खासदार होसे रामोन गोमेस बेस्तेइरो यांनी गॅलिशियनमधून सुरुवात केली. अतिउजव्या व्हॉक्स पक्षाचे खासदार उठून गेले आणि जाताना यंत्रं पंतप्रधानांच्या रिकाम्या आसनावर ठेवून गेले. या बदलाला विरोध करणाऱ्या पीपल्स पार्टीचे बोर्हा सेम्पेर मात्र स्वतः काही वाक्यं बास्कमध्ये बोलले.

खर्च होतो हे खरं. पण संसद हे फक्त माहिती पोचवण्याचं ठिकाण नसतं. ज्यांच्या करातून ते सभागृह चालतं त्यांची भाषा तिथे चालते की नाही, हा त्यांच्या नागरिकत्वाचा प्रश्न आहे. आणि ज्या भाषेत कायदा, विज्ञान, अर्थसंकल्प यांवर बोललं जात नाही, तिच्यात हळूहळू तसं बोलताच येईनासं होतं.

अशाने देश फुटणार नाही का?

१ ऑक्टोबर २०१७ च्या कॅटालोनियातल्या बेकायदा ठरवलेल्या सार्वमतानंतर ही भीती स्वाभाविक आहे. पण भाषा आणि फुटीरता यांची सांगड तितकी सरळ नाही. गालिसिया, व्हॅलेन्सिया आणि बालेआरिक बेटांनाही स्वतःच्या भाषा आहेत, तिथे वेगळं व्हायची जोरदार मागणी नाही. उलट कॅटालोनियात घरी कॅस्टिलियन बोलणारे काहीजणही स्वातंत्र्यवादी आहेत. तिथली धुसफूस कर, अधिकार आणि प्रांताच्या मूलभूत कायद्यातली कलमं घटनात्मक न्यायालयाने २०१० मध्ये रद्द केली यावरून बरीच वाढली. भाषा दाबून ऐक्य येत असतं तर फ्रँकोच्या साडेतीन दशकांत ते यायला हवं होतं.

ब्रसेल्समध्ये गाडी कुठे अडली?

युरोपीय संघाच्या २४ अधिकृत भाषा आहेत. नवी घ्यायची तर २७ च्या २७ देशांची संमती लागते. संख्येच्या बळावर कॅटलानचा दावा पक्का आहे, कारण ती येणारे कोट्यभर लोक आहेत आणि डॅनिश बोलणारे त्याहून कमी. अडचण वेगळीच आहे. बाल्टिक देशांत मोठा रशियन भाषक समाज आहे, आज कॅटलानला दार उघडलं तर उद्या रशियनसाठी मागणी येईल अशी धास्ती तिथे आहे. काही देशांचे कायदेशीर आक्षेप आहेत. युरोपीय आयोगाने तीन भाषांचा वार्षिक खर्च प्राथमिक अंदाजाने १३.२ कोटी युरो सांगितला, तो आम्ही भरू असं स्पेनने कळवलं. तरी २७ मे २०२५ रोजी अपेक्षित असलेलं मतदान ऐनवेळी पुढे ढकललं गेलं.

अधिकृत झाल्यावरही सगळं एका रात्रीत होत नाही. आयरिश भाषेला २००७ मध्ये दर्जा मिळाला, पण भाषांतरकार पुरेसे नव्हते म्हणून सवलतीची मुदत २०२२ पर्यंत चालली. या तीन भाषांसाठी २००५ पासून एक मधली सोय आहे: त्यांतून संघाच्या काही संस्थांना पत्र लिहिता येतं, उत्तरही त्याच भाषेत मिळतं, आणि दोन्हीकडच्या भाषांतराचा खर्च स्पेन सोसतो.